इतर हक्कातली नागली

आमच्या राजवाड्यात नागलीला कुणी कधी श्री म्हटलं नाही. नागली म्हणजे नाचणी. नाचणी म्हणजे काळी भाकर. काळी भाकर म्हणजे आम्ही. असा सरळ हिशेब होता.

१ फेब्रुवारी २०२३ ला दिल्लीत अर्थसंकल्पाच्या भाषणात ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, सावा या भरडधान्यांना ‘श्रीअन्न’ म्हटलं गेलं. भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे सबंध वर्ष भरडधान्यांचं ठरवलं होतं. प्रदर्शनं झाली, भाषणं झाली, फोटो निघाले. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या शेजारी नाचणीची बिस्किटं येऊन बसली. मी एक पुडा घेऊन गावी आत्याला दिला. तिनं एक खाल्लं. दुसरं हातात धरून उलटंपालटं करून बघितलं.

‘ग्वाड हाये. पर ह्यात नागली कुठंय रं?’

मी पुड्याची मागची बाजू वाचली. बारीक अक्षरात पहिलं नाव मैद्याचं होतं.

दोस्तहो, नाचणीचा मान वाढला याचं मला वाईट वाटत नाही. ज्या भाकरीवर आमच्या चार पिढ्या जगल्या तिला उशिरा का होईना कुणी बरं म्हटलं. पण मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. ही नाचणी उगवते कुठं, आणि ती जमीन कुणाच्या नावावर आहे? श्रीअन्नाच्या भाषणात हा प्रश्न नसतो. आमच्या घरात सध्या त्याच्याशिवाय दुसरा प्रश्न नाही.

मावळ ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ अशी ही तीन खोरी. मधून रेल्वे, तिच्या अंगानं जुना मुंबई-पुणे रस्ता, आणि आता द्रुतगती महामार्ग. आमचं गाव नाणे मावळात. बाजार कामशेतचा. या मुलखात जमीन दोन जातीची. माणसांसारखीच. खाली सपाटीला भातखाचरं. बांध घातलेली, पाणी धरणारी. वर डोंगराच्या अंगाला वरकस. तिथं माती बोटभर, बाकी मुरूम. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण वरकसावर पडलेलं पाणी थांबत नाही. ते खालच्याच्या खाचरात जातं.

खाचरात आंबेमोहोर पिकला. पुढं वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ आला. तांदूळ चांगला, वासाचा. त्याच्याशी माझं भांडण नाही. त्या खाचरात आमच्या बायांनी कंबर मोडून आवण लावलं. चिखलात पाय कुजवले. संध्याकाळी घरी येऊन नागलीची भाकर खाल्ली. भात सणाला, नाहीतर मयताला.

वरकस कुणाकडं होतं? ठाकरांकडं, कातकऱ्यांकडं, महादेव कोळ्यांकडं आणि आमच्याकडं. सगळ्यांच्या नावावर होतं असं नाही. कुणी कसत होतं, कुणी वाट्यानं करत होतं. आमच्या वाट्याला आलं ते महारकीचं वतन. गावची राखण, सांगावा, मेलेलं ढोर ओढणं, सरकारी माणसाचं ओझं वाहणं, चोवीस तासांची चाकरी. बदल्यात खळ्यावर उरलंसुरलं बलुतं आणि डोंगराच्या अंगाला एक तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करायचं बिल मांडलं ते उगाच नाही. हे वतन म्हणजे गुलामीचा खुंटा आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. आपलेच काही लोक तेव्हा तो तुकडा सुटेल म्हणून घाबरले होते.

वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. जमीन सरकारजमा झाली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरून पुन्हा वतनदाराला मिळाली. पण अट घालून. कलेक्टरच्या परवानगीवाचून विकायची नाही, तुकडे पाडायचे नाहीत. आज्जानं ती रक्कम कशी भरली कुणास ठाऊक. आज्जी म्हणायची, शेळ्या गेल्या. आमचे तीस गुंठे असे आले. सगळे वरकस. सातबाऱ्यावर आज्जाचं नाव लागलं तेव्हा त्यानं तो कागद तळहातावर धरून राजवाड्यातल्या प्रत्येक घरात दाखवला होता. वाचता एकालाही येत नव्हता.

आज्जा १९६८ साली वारला. माझा बाप तोवर रेल्वेत गँगमन म्हणून लागला होता. खंडाळ्याच्या घाटात रूळ ठोकायचा. चुलता देहूरोडला डेपोत गेला. बाबासाहेबांनी गाव सोडा म्हणून सांगितलं होतं. आमच्या दोघा बापांनी ते ऐकलं आणि आम्ही शिकलो. मी लोणावळ्यात रेल्वेच्या चाळीत वाढलो. म्हणून गावच्या मातीचे उमाळे मला येत नाहीत. गाव आमच्यासाठी काय होतं ते मला माहीत आहे. विहिरीपासून किती लांब उभं राहायचं ते माहीत आहे.

जमीन पडली नाही ती आत्यामुळं. ती बाविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली. सासरी तिला ठेवून घेतली नाही. इथं दोन्ही भाऊ नोकरीला गेलेले. तिनं इरलं डोक्यावर घेतलं आणि तीस गुंठे धरले. ते पन्नास वर्षांच्या वर झाली.

तिची शेती कशी चालते ते सांगतो, कारण पुस्तकात हल्ली ज्याला शाश्वत शेती म्हणतात ती हीच. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, तोडलेला टाहाळ, गवत आणि वर थोडी माती असे थर लावायचे आणि राब भाजायचा. तण जळतं, राख राहते. मृगात त्या राबावर बी फेकायचं. आवण बोटभर झालं की उपटून उतारावर लावायचं. मग बेणणी. कार्तिकात बोंडं खुडायची, वाळवायची, बडवायची. एक वर्ष नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, मग जमिनीला विसावा. खताची पिशवी तिनं कधी विकत आणली नाही. आणायला पैसा नव्हता हे खरं कारण. पण जमीन अजून जिवंत आहे हेही खरं.

पीक किती? चांगलं वर्ष असलं तर दोन-अडीच क्विंटल. नागलीला किडा लागत नाही. नीट वाळवून कणगीत ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. भात असा टिकत नाही, ज्वारी टिकत नाही. म्हणून ज्याच्या घरी उद्याची खात्री नाही त्याच्या घरी नागली असायची. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. रेशनवर परदेशी लाल मिलो आला होता. त्याची भाकर तव्यावरच फाटायची आणि पोटात दगडासारखी बसायची. राज्यभर लोक खडी फोडत होते, सुकडी खात होते. आमच्या चाळीत तेव्हा आत्या गावाहून डोक्यावर नागलीचं गठुडं घेऊन यायची. ती आदल्या वर्षीची होती. तिच्या आधीच्या वर्षीचीही होती. सकाळी आंबील, रात्री भाकर. आम्ही मिलो खाल्ला, पण मिलोवर राहिलो नाही.

आज डॉक्टर सांगतात ते वेगळं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच तांदळात दहाच्या आतबाहेर. नाचणीला तांदळासारखं घासून पांढरं करता येत नाही, म्हणून सालासकट सगळं पोटात जातं. शहाण्या लोकांनी पांढरं खाल्लं आणि आता साखरेचा आजार झाला म्हणून काळं शोधतात. चालायचंच. पण शाळेत माझ्या फडक्यातली काळी भाकर बघून पोरं काय म्हणायची ते मी इथं लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुमच्याही फडक्यात तीच होती.

वरईची गंमत आणखी वेगळी. वरई म्हणजे भगर. आमच्याकडं ती रोजचं जेवण. गावात ती उपासाचं. आई आषाढीच्या आधी कांडलेली वरई पायलीनं मोजून लोणावळ्यात घरोघर विकायची. ती तिच्या हातानं पेरलेली, खुडलेली, उखळात कांडलेली, सुपात पाखडलेली. ती घेऊन लोक एकादशी करायचे. कोरड्या धान्याला विटाळ नव्हता. पाणी मागितलं तर मात्र वरून ओंजळीत. ज्या दिवशी त्यांनी काही खायचं नाही त्या दिवशी ते जे खायचे, ते आम्ही जेवायचो. यापेक्षा जास्त जातीव्यवस्था समजावून सांगायची तर मला जमणार नाही. हल्ली राहुरीच्या कृषी विद्यापीठानं वरईचं एक सुधारित वाण काढलं आहे. त्याचं नाव ‘फुले एकादशी’. विद्यापीठ महात्मा फुल्यांच्या नावाचं, म्हणून वाणाच्या आधी फुले. आणि वरई म्हणून एकादशी. जोतिबांनी हे नाव ऐकलं असतं तर काय केलं असतं, याचा विचार करत मी एक दिवस एकटाच हसत बसलो.

त्या वरईचं कांडणं बायांच्या खांद्यावर होतं. फोलपट निघता निघत नाही. म्हणून गावात वरई गेली. लोकांची जीभ बदलली म्हणून नाही, बायांचे हात थकले म्हणून. परंपरा परंपरा म्हणून जे ओरडतात त्यांनी एक दिवस मुसळ धरून बघावं.

आता कायद्याकडं येतो. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा. माणशी पाच किलो धान्य. त्या कायद्यात भाव लिहिले होते. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरडधान्य एक रुपया. म्हणजे धान्याचीही उतरंड कायद्यातच. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झालं. त्याच वर्षी नाचणीची श्री झाली. पण आमच्या कार्डावर आला तो तांदूळ आणि गहूच. एक रुपयावालं भरडधान्य आमच्या पिशवीत पडलं नाही. नाचणीला हमीभाव आहे. २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये. साध्या भाताला २,३६९. म्हणजे कागदावर नाचणी भाताच्या दुप्पट. वरईला तर हमीभावच नाही. आत्याच्या अडीच क्विंटलाचा हिशेब केला. हमीभावानं कुणी घेतली असं धरलं तरी बारा हजार दोनशे पंधरा रुपये. सबंध वर्षाचे.

हा आकडा लक्षात ठेवा. कारण दुसरा आकडा एजंट घेऊन आला.

या मुलखातली जमीन दुसऱ्यांसाठी जाणं नवीन नाही. १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं, त्यासाठी लोणावळा, वळवण, शिरवत्याला पाणी अडवलं. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला. पुढं पवना झालं. त्या पवनेचं पाणी बंद पाइपातून शहराला न्यायला विरोध केला म्हणून ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला तेव्हापासून डोंगरउताराला भाव आला. ज्या मुरमाड माळाला गावानं कधी जमीन म्हटलं नाही, तिथून आता धरण दिसतं, धुकं दिसतं. मुंबईच्या माणसाला ते लागतं. खाचराचं पाणी दिसायलाही उंचावर जावं लागतं. वरकस उंचावर आहे.

आमच्या शेजारच्या उतारावर बंगले झाले. कुंपणं आली. जिथं सावा व्हायचा तिथं हिरवळ आहे आणि तिला उन्हाळ्यात टँकरनं पाणी घालतात. कधी काळी वरकस कसणारा ठाकर त्याच बंगल्यावर वॉचमन आहे. त्याला पगार आहे, तो उपाशी नाही. पण त्याच्या पोरांच्या ताटात काय आहे ते आता दुकान ठरवतं.

एजंट आमच्या चुलतभावाकडं आला. गुंठ्याला काही लाख. कलेक्टरची परवानगी, नजराणा, सगळं तो बघणार. तुकडे पाडता येत नाहीत म्हणून सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्यानं सातबारा काढून आणला होता. वर माझ्या बापाच्या आणि चुलत्याच्या वारसांची नावं. खाली, इतर हक्काच्या रकान्यात, आत्याचं नाव. आज्जा मेला तेव्हा वारसनोंद अशीच झाली होती. भाऊ वर, बहीण खाली. त्या काळात सगळीकडं असंच व्हायचं. १९५६ च्या वारसा कायद्यानं लेकीला लेकाइतका वाटा दिला होता, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण कायदा गावात येईपर्यंत नोंद होऊन गेली होती.

एजंट म्हणाला, ‘म्हातारीचं नाव तेवढं कमी करून घ्या. एक हक्कसोड केलं की झालं.’

कार्ल्याच्या लेण्यात एक शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. मामाल म्हणजे आपल्या मावळातलं करजिक नावाचं गाव भिक्खूंच्या निर्वाहाला दिलं, असं त्यात कोरलं आहे. देणाऱ्याचं नाव आहे. घेणाऱ्यांचा उल्लेख आहे. ज्यानं त्या गावात धान्य पिकवून भिक्खूंना जगवलं त्याचं नाव नाही. आमचा धम्म ज्या लेण्यात आहे तिथलीच ही गोष्ट. मग तलाठ्याच्या दप्तराला काय दोष द्यायचा? पिकवणाऱ्याचं नाव खालच्या रकान्यात टाकायची सवय फार जुनी आहे.

चुलतभावाला वाईट ठरवून मला हा लेख सोपा करायचा नाही. त्याची नोकरी कंत्राटी आहे. त्याची पोरगी नर्सिंगला आहे, फी भरायची आहे. डोक्यावर कर्ज आहे. तो म्हणाला, ‘दादा, बारा हजाराच्या नागलीसाठी आपण लाखावर पाणी सोडायचं? बाबासाहेबांनी नागली पेरा म्हणून सांगितलं का शिका म्हणून?’ या प्रश्नाला माझ्याकडं झटकन उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही.

आत्याला विचारलं. ती राबासाठी टाहाळ बांधत होती.

‘इका की. मपलं काय जातंय? म्या आज हाये, उद्या न्हाई. पर मला आंगठा मागू नगा. म्या काय सोडू? जे मपल्या नावावर लागलंच न्हाई, त्ये सोडायचं कसं?’

अशिक्षित बाई. पण साऱ्या दप्तराचा गाभा तिनं एका वाक्यात काढला.

मी त्यानंतर बरंच वाचलं, विचारलं. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या बाया, बहुतेक आपल्याच, दलित. पडीक जमिनी त्यांनी ज्वारी-भरडधान्याखाली आणल्या. कर्ज पैशात न फेडता धान्यात फेडलं. त्या धान्याची गावातच कोठी केली आणि गावातल्या सर्वांत गरीब घराला आधी दिलं. आपलं रेशन आपण चालवलं. २००८ साली स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. २०१९ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ओडिशात २०१७ पासून सरकारनं आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी विकत घेऊन रेशनवर दिली, अंगणवाडीत पोरांना नाचणीचे लाडू दिले. म्हणजे होऊ शकतं. ज्यानं पिकवलं त्याला भाव, आणि ज्याला भूक आहे त्याच्या पिशवीत तेच धान्य. मधे मैद्याचं बिस्कीट लागत नाही.

पण पस्तापूरच्या बायांच्या हातात आधी जमीन आली, मग ज्वारी. हे विसरून चालणार नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ ला भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, लाखोंनी तुरुंग भरले, ते जमिनीसाठी. आपण ती लढाई भाषणात ठेवली आणि आता दुसरेच आपल्या उतारावर प्लॉट मोजतायत. अन्नसुरक्षा म्हणजे पाच किलोची पिशवी असं आपल्याला शिकवलं गेलं. पिशवी हवीच. तिच्यावर घरं जगतात, तिला नाकं मुरडणारा उपाशी राहिलेला नसतो. पण पिशवी देणारा उद्या हात आखडतो. कणगी आखडत नाही. आणि कणगीला तीस गुंठे लागतात.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. आत्याचं नाव इतर हक्कातून काढून वर कब्जेदाराच्या रकान्यात लावा, म्हणून अर्ज दिला. त्यावर माझी सही आहे. चुलतभावानंही केली. तो म्हणाला, ‘नाव लागू दे. विकायचं का नाही ते मग तिघं बसून ठरवू.’ मला ते न्याय्य वाटलं. विकायचीच झाली तर तिच्या वाट्याचे पैसे तिच्या हातात पडतील, आणि नाही म्हणायचं झालं तर तिचं नाही कागदावर मोजलं जाईल. दुसरी गोष्ट, चुलतभावाच्या पोरीची या वर्षीची फी आम्ही मिळून भरली. एका वर्षाचा प्रश्न सुटला. पुढच्या वर्षीचा तसाच आहे.

अर्ज अजून पडून आहे. दोन फेऱ्या झाल्या. एजंटाचा फोन येतो. राजवाड्यातल्या आणखी चार घरांचे सातबारे मी काढून बघितले. चारही ठिकाणी बहिणी खालीच आहेत. तुमच्या घरचा काढून बघा. आणि बहीण जमीन कसत असेल तर आधी तो बघा.

आत्यानं पुढच्या साली नागलीच धरायची म्हणून बी वेगळं काढून ठेवलंय, राखेत घोळून, मडक्यात. तीन घरांनी तिच्याकडं बी मागितलंय. ती देणार आहे, पण उसनं. सुगीला दीडपट परत.